क्षेत्रीय दस्तऐवजीकरणासाठी कॅमेऱ्याची निवड : लहान डिजिटल कॅमेरा की वापरलेला डीएसएलआर?

गोषवारा

महाविद्यालयांतील इतिहास, मराठी, वनस्पतिशास्त्र, भूगोल इत्यादी विभागांना क्षेत्रीय अभ्यासासाठी कॅमेऱ्याची गरज असते. उपलब्ध निधी मर्यादित असल्याने प्रत्यक्षात दोनच पर्याय समोर राहतात : खिशात मावणारा लहान डिजिटल कॅमेरा किंवा वापरलेला डीएसएलआर. प्रस्तुत लेखात या दोन साधनांमधील भेद प्रकाशशास्त्राच्या आधारे स्पष्ट केला असून पोथ्या व कागदपत्रे, कोरीव लेख आणि लहान वनस्पती या तीन प्रकारच्या कामांच्या संदर्भात त्यांची तुलना केली आहे. वापरलेला कॅमेरा तपासण्याची रीत आणि संस्थात्मक खरेदीतील अडचणी यांचाही विचार केला आहे.

बीजशब्द : डिजिटल कॅमेरा, डीएसएलआर, संवेदक, दस्तऐवजीकरण, कोरीव लेख, हस्तलिखिते.

१. प्रस्तावना

छायाचित्रण हा अनेकांच्या दृष्टीने छंदाचा विषय असला तरी संशोधकाच्या दृष्टीने ते पुरावा जतन करण्याचे साधन आहे. महाराष्ट्रातील गावोगावी असलेले वीरगळ, सतीशिळा, गद्धेगाळ आणि शिलालेख उघड्यावर उभे आहेत. शेंदराचे थर, तैलरंग, मंदिरांचे जीर्णोद्धार आणि रस्त्यांचे रुंदीकरण यांमुळे त्यांतील अनेकांचे स्वरूप बदलत आहे. खाजगी संग्रहांतील मोडी कागदपत्रे व पोथ्या यांना वाळवी आणि दमट हवा यांचे भय आहे. आज घेतलेले छायाचित्र हा उद्या त्या वस्तूचा एकमेव पुरावा ठरू शकतो.

रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील शिलालेखाचा काळ सामान्यतः शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा सांगितला जातो. अशा झिजलेल्या लेखात शकाचा एक अंक वेगळा वाचला गेला तरी लेखाचा काळ आणि त्यावर आधारलेले भाषेतिहासाचे अनुमान बदलते. अंकाची कड छायाचित्रात स्पष्ट उमटली की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक राहत नाही. कॅमेऱ्याच्या निवडीचा विचार या भूमिकेतून होणे आवश्यक आहे.

२. दोन्ही साधनांचे स्वरूप

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी प्रकाशसंवेदी चकती असते. तिला येथे संवेदक म्हटले आहे. बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये सीसीडी या संवेदकाची कल्पना मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर यांनी लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जी जाळी योजली तिचे एकस्व १९७६ मध्ये मंजूर झाले. आजही बहुतेक कॅमेऱ्यांत हीच योजना वापरली जाते.

लहान कॅमेऱ्यात भिंग शरीराशी कायमचे जोडलेले असते आणि दृश्य पडद्यावर पाहावे लागते. डीएसएलआरमध्ये भिंग बदलता येते. भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वळून डोळ्यापर्यंत पोचतो आणि छायाचित्र घेताना आरसा क्षणभर वर उचलला जातो. २००३ मध्ये आलेल्या कॅनन ईओएस ३००डी या ६.३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने एक हजार अमेरिकी डॉलरच्या आतील किमतीमुळे हे तंत्र सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणले. २००८ मधील निकॉन डी९० हा चलचित्रण करू शकणारा पहिला डीएसएलआर होय.

त्यानंतर बाजाराचे चित्र पालटले. डिजिटल कॅमेऱ्यांचा जागतिक पुरवठा २०१० मध्ये सुमारे १२ कोटींवर पोचला होता. मोबाइल फोनच्या प्रसारामुळे २०२० मध्ये तो एक कोटीच्या खाली आला. कॅनन व निकॉन या दोन्ही प्रमुख कंपन्यांनी २०२० नंतर आपले लक्ष आरसाविरहित कॅमेऱ्यांकडे वळवले. परिणामी त्यांचे जुने डीएसएलआर मोठ्या संख्येने वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात आले. मर्यादित निधी असलेल्या विभागासाठी ही संधी आहे. मात्र ती पारखून घ्यावी लागते.

३. प्रकाशाचा हिशोब

दोन्ही साधनांतील मूलभूत भेद मेगापिक्सेलचा नसून संवेदकाच्या क्षेत्रफळाचा आहे. सर्वसाधारण लहान कॅमेऱ्यातील संवेदक सुमारे ६.२ × ४.६ मि.मी., म्हणजे अंदाजे २८ चौ. मि.मी. असतो. सामान्य निकॉन डीएसएलआरचा संवेदक सुमारे २३.६ × १५.६ मि.मी., म्हणजे ३६८ चौ. मि.मी. असतो. त्याच वर्गातील कॅननचे संवेदक थोडे लहान, सुमारे ३३२ चौ. मि.मी. असतात. पहिल्या दोहोंतील प्रमाण साधारण १ : १३ आहे.

याचा अर्थ असा की भिंगाचे छिद्रमान आणि शटरचा काळ समान ठेवल्यास मोठा संवेदक एकूण तेरापट प्रकाश गोळा करतो. प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि कणांच्या संख्येत नैसर्गिक चढउतार असतो. हा चढउतार संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. चित्राच्या एखाद्या बिंदूवर १०,००० प्रकाशकण आले तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का असतो. त्याच बिंदूच्या वाट्याला तेरापट कमी, सुमारे ७७० कण आले तर चढउतार २८ चा, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून अधिक होतो. अंधाऱ्या गाभाऱ्यात घेतलेल्या चित्रात दिसणारे रंगीत कण हे मुख्यतः या चढउताराचेच दृश्य रूप होय. लहान कॅमेरा ते लपविण्यासाठी चित्र गुळगुळीत करतो. त्या प्रक्रियेत झिजलेल्या अक्षराची बारीक कडही पुसली जाण्याचा संभव असतो.

तथापि या हिशोबाला एक महत्त्वाची मर्यादा आहे. वस्तू स्थिर असेल आणि कॅमेरा तिवईवर असेल तर शटर जास्त वेळ उघडे ठेवून हवा तेवढा प्रकाश घेता येतो. अशा वेळी किमान आयएसओ ठेवल्यास लहान कॅमेऱ्याची उणीव बरीच भरून निघते. कॅमेरा बदलण्यापूर्वी तिवई घ्यावी, हा नियम येथूनच निघतो.

४. भिंग आणि विवर्तन

लहान संवेदकावर पिक्सेलची संख्या वाढविल्यास प्रत्येक पिक्सेल सूक्ष्म होतो. ६.२ मि.मी. रुंदीच्या संवेदकावर १६ मेगापिक्सेल बसविल्यास पिक्सेलची रुंदी सुमारे १.३ मायक्रोमीटर राहते. १६ मेगापिक्सेलच्या डीएसएलआरमध्ये ती सुमारे ४.८ मायक्रोमीटर असते.

निर्दोष भिंगसुद्धा प्रकाशाचा बिंदू बिंदूरूपाने उमटवू शकत नाही. विवर्तनामुळे त्याची लहान चकती बनते. हिरव्या प्रकाशात या चकतीचा व्यास छिद्रमानाच्या सुमारे १.३४ पट मायक्रोमीटर असतो. एफ २.८ ला तो ३.८ मायक्रोमीटर आणि एफ ८ ला १०.७ मायक्रोमीटर भरतो. म्हणजे लहान कॅमेऱ्यात एफ २.८ लाच ही चकती जवळजवळ तीन पिक्सेल व्यापते. डीएसएलआरमध्ये मात्र एफ ८ लाही ती दोन-सव्वादोन पिक्सेलपुरती असते. लहान कॅमेऱ्याच्या खोक्यावर छापलेल्या मेगापिक्सेलच्या आकड्याने तपशील त्या प्रमाणात का वाढत नाही, याचे उत्तर येथे मिळते.

५. पोथ्या व कागदपत्रे

कागदपत्रांच्या डिजिटल प्रतीसाठी ३०० पिक्सेल प्रति इंच हे मान सामान्यतः समाधानकारक समजले जाते. फुलस्केप कागदाची लांबी १३ इंच धरली तर लांबीच्या दिशेने ३,९०० पिक्सेल हवेत. २००८ मधील १२.३ मेगापिक्सेलच्या डीएसएलआरच्या चित्राची लांबी ४,२८८ पिक्सेल असते. कडेची थोडी जागा सोडूनही ते मान साधते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पंधरा-सोळा वर्षे जुना डीएसएलआर या कामास अपुरा नाही आणि २० किंवा २४ मेगापिक्सेलच्या मोहाने अधिक पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

या कामात भिंगाचा सपाटपणा अधिक महत्त्वाचा असतो. लहान कॅमेऱ्याच्या झूम भिंगात विस्तृत कोनात सरळ रेषा पिंपासारख्या फुगतात. कॅमेऱ्यातील संगणकीय दुरुस्ती त्या सरळ करते, परंतु कोपऱ्यांतील तपशील ताणला जातो. म्हणून लहान कॅमेरा वापरायचा असल्यास झूम मध्यावर ठेवून थोडे दुरून चित्र घ्यावे. डीएसएलआरला ५० मि.मी.चे स्थिर भिंग लावल्यास फुलस्केप कागद सुमारे ८० सें.मी. अंतरावरून पूर्ण चौकटीत बसतो. ही भिंगे वापरलेल्या स्थितीत तुलनेने स्वस्त मिळतात आणि एफ ५.६ ते एफ ८ ला उत्तम परिणाम देतात.

रॉ स्वरूपाची सोयही येथे विचारात घ्यावी. जेपेग चित्रात प्रत्येक रंगासाठी २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉ नोंदीत ४,०९६ आणि १४ बिटच्या नोंदीत १६,३८४ पायऱ्या असतात. पिवळ्या पडलेल्या कागदावरील फिकट शाई नंतर संगणकावर उठावदार करायची असेल तर या पायऱ्यांचा उपयोग होतो. सर्व डीएसएलआर रॉ नोंद देतात. लहान कॅमेऱ्यांपैकी मोजकेच ती देतात.

६. कोरीव लेख आणि तिरकस प्रकाश

शिलालेखाच्या छायाचित्रात अक्षर दिसते ते रंगामुळे नव्हे, तर सावलीमुळे. प्रकाश समोरून पडला तर खाचेत सावली पडत नाही आणि लेख सपाट दगडासारखा दिसतो. लहान कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश भिंगाच्या अगदी जवळ असल्याने नेमके हेच घडते. डीएसएलआरच्या माथ्यावरील खाचेतून दोरीने किंवा रेडिओ संकेताने फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर नेता येतो आणि दगडाच्या पृष्ठभागाशी १० ते २० अंशांच्या कोनात धरता येतो. प्रकाशाची दिशा बदलून डावीकडून, उजवीकडून, वरून व खालून अशी चार चित्रे घेतल्यास एका चित्रात न दिसणारी रेघ दुसऱ्यात दिसते.

परंतु हे तत्त्व प्रकाशाचे आहे, कॅमेऱ्याचे नाही. साध्या आरशाने सूर्यप्रकाश तिरकस टाकता येतो. सायंकाळी किंवा गाभाऱ्यात विजेरीने तेच साधते. तिवईवरील लहान कॅमेरा, बंद केलेला फ्लॅश आणि योग्य कोनात धरलेला आरसा यांनी घेतलेले चित्र हे, डीएसएलआरने समोरून फ्लॅश मारून घेतलेल्या चित्रापेक्षा वाचनास निश्चितच अधिक उपयुक्त असते. संरक्षित स्मारकांच्या ठिकाणी तिवई व फ्लॅश यांविषयीचे नियम आधी पाहून आवश्यक ती लेखी परवानगी घ्यावी.

७. लहान वनस्पती

साताऱ्याजवळील कास पठाराचा समावेश २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत झाला. तेथील सीतेची आसवे, गेंद, दवबिंदू यांसारख्या वनस्पतींची छायाचित्रे घेताना फूल पुढून मागपर्यंत स्पष्ट यावे अशी अपेक्षा असते. स्पष्टतेच्या या पट्ट्याला छायाचित्रकार डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. या बाबतीत लहान कॅमेरा श्रेष्ठ, असा समज रूढ आहे. त्याची तपासणी करणे उद्बोधक ठरेल.

चौकटीची रुंदी ६० मि.मी. धरल्यास लहान कॅमेऱ्यात एफ २.८ ला स्पष्टतेचा पट्टा सुमारे ३ मि.मी. येतो. डीएसएलआरमध्ये तेवढाच पट्टा मिळण्यासाठी छिद्रमान सुमारे एफ ८ ठेवावे लागते. त्यामुळे संवेदकावरील प्रकाशाची तीव्रता आठपट घटते आणि वाऱ्याने हलणारे फूल टिपण्यासाठी आयएसओ १०० वरून ८०० करावा लागतो. मात्र संवेदकाचे क्षेत्रफळ तेरापट असल्याने ८०० आयएसओचे हे चित्र लहान कॅमेऱ्याच्या १०० आयएसओच्या चित्राहून वाईट नसते. तात्पर्य, लहान कॅमेऱ्याचा हा फायदा प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने आभासी आहे.

त्याचा खरा फायदा वेगळा आहे. तो कोणत्याही जोडभिंगाविना फुलाच्या अगदी जवळ जाऊ शकतो. डीएसएलआरबरोबर मिळणारे साधारण १८ ते ५५ मि.मी.चे भिंग सुमारे ७० ते ८० मि.मी. रुंदीच्या चौकटीपर्यंतच पोचते. त्याहून लहान फुलासाठी मॅक्रो भिंग किंवा एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी लागते. तो खर्च आरंभीच अंदाजात धरला पाहिजे. वजनाचाही विचार करावा लागतो. निकॉन डी७००० सारखा कॅमेरा व १८ ते १०५ मि.मी.चे भिंग मिळून सुमारे १.२ किलो भरते. लहान कॅमेरा बहुधा पाव किलोच्या आसपास असतो. याउलट भर उन्हात पडदा दिसेनासा होतो तेव्हा डीएसएलआरच्या दृश्यदर्शकातून चौकट स्वच्छ दिसते.

८. वापरलेला कॅमेरा तपासण्याची रीत

वापरलेला डीएसएलआर घेण्यापूर्वी पुढील तपासण्या अवश्य कराव्यात.

(अ) शटरची मोजणी : शटर हा झिजणारा यांत्रिक भाग आहे. निकॉन डी९० साठी एक लाख आणि डी७००० साठी दीड लाख उघडझापांची चाचणी उत्पादकाने सांगितली आहे. निकॉनच्या चित्राच्या अंतर्गत नोंदीत ही मोजणी मिळते. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांसाठी वेगळी संगणकप्रणाली लागते. हा आकडा आयुर्मर्यादा नसून केवळ अंदाज आहे.

(आ) संवेदक : भिंग एफ १६ किंवा २२ ला ठेवून पांढऱ्या भिंतीचे किंवा आकाशाचे चित्र घ्यावे. धूळ असल्यास काळसर ठिपके दिसतात. ती साफ करता येते, ओरखडा मात्र जात नाही. भिंगावर टोपण लावून काही सेकंदांचे चित्र घेतल्यास सदोष पिक्सेल चमकताना दिसतात.

(इ) बुरशी : कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते. भिंगाच्या एका बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसल्यास ते भिंग घेऊ नये. घेतलेली साधने सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावीत.

(ई) जुळणी : निकॉनच्या डी४०, डी६०, तसेच डी३००० व डी५००० मालिकेतील कॅमेऱ्यांत फोकस करणारी मोटर नाही. त्यांना मोटर असलेलेच भिंग लागते, अन्यथा फोकस हाताने करावा लागतो. डी९० व डी७००० मध्ये ती मोटर आहे. काही जुने कॅमेरे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड वापरतात. त्यांच्या खाचेतील पिना वाकलेल्या नाहीत हे पाहावे.

(उ) बॅटरी व कागदपत्रे : फुगलेली बॅटरी नाकारावी. मूळ बिलावरील अनुक्रमांक कॅमेऱ्याच्या तळावरील क्रमांकाशी जुळवून पाहावा.

लहान कॅमेरादेखील आता पुष्कळदा वापरलेलाच मिळतो. त्याचे भिंग आतबाहेर सरकविणारी यंत्रणा धुळीने अडकते आणि आत गेलेली धूळ घरच्या घरी काढता येत नाही. दुरुस्तीचा खर्च अनेकदा कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. डीएसएलआरमध्ये भिंग बिघडले तर केवळ भिंग बदलावे लागते. शिवाय गेल्या काही वर्षांत तरुणांमध्ये जुन्या लहान कॅमेऱ्यांची हौस वाढल्याने त्यांच्या किमती गुणवत्तेच्या प्रमाणात राहिलेल्या नाहीत.

९. संस्थात्मक अडचणी

व्यक्तीची खरेदी आणि महाविद्यालयाची खरेदी यांत फरक आहे. महाविद्यालयाला दरपत्रके, कर नोंदलेले बिल, जडवस्तू संग्रह नोंदवहीतील नोंद आणि लेखापरीक्षण यांतून जावे लागते. खाजगी व्यक्तीकडून घेतलेल्या कॅमेऱ्याला बिल व हमी नसल्यास खरेदी समिती तो प्रस्ताव नाकारते आणि ते गैर नाही. म्हणून वापरलेला डीएसएलआर बिल व काही महिन्यांची हमी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावा. खरेदीच्या प्रस्तावात कॅमेऱ्याबरोबर भिंग, जादा बॅटरी, दोन कार्डे, तिवई, मापपट्टी आणि साठवणुकीची हार्ड डिस्क यांचा एकत्रित खर्च दाखवावा. केवळ कॅमेऱ्याच्या किमतीवर निर्णय घेतल्यास तिवईवाचून कॅमेरा कपाटात पडून राहतो.

साधन कोण वापरणार, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. एक-दोन प्रशिक्षित व्यक्ती सातत्याने काम करणार असतील तर डीएसएलआरची गुंतागुंत अडचण ठरत नाही. दरवर्षी नवे विद्यार्थी येणार असतील तर सोपे साधन अधिक छायाचित्रे मिळवून देते.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) पोथ्या, कागदपत्रे, वनस्पतींचे वाळवलेले नमुने यांसारखे एका जागी करावयाचे काम प्रमुख असेल तर २००८ नंतरचा, सुस्थितीतील वापरलेला डीएसएलआर, ५० मि.मी.चे स्थिर भिंग आणि तिवई हा संच निःसंशय सरस आहे.

२) दीर्घ पायपीट, अनेक हात आणि अल्प प्रशिक्षण अशी परिस्थिती असेल तर रॉ नोंद देणारा लहान कॅमेरा निवडावा. शक्य असल्यास त्याचा संवेदक १३.२ × ८.८ मि.मी.चा, म्हणजे ज्याला एक इंची म्हणतात तो असावा. २०१२ मधील सोनी आरएक्स१०० पासून असे कॅमेरे उपलब्ध आहेत. त्यांचे क्षेत्रफळ सामान्य लहान कॅमेऱ्याच्या चौपट आहे.

३) रॉ नोंद न देणारा, २८ चौ. मि.मी. संवेदकाचा लहान कॅमेरा नव्याने विकत घेण्याचे कारण आता उरलेले नाही. त्याचे बहुतेक काम चांगला मोबाइल फोन करू शकतो. त्या पैशांत तिवई, विजेरी व मापपट्टी घ्यावी.

४) कोरीव लेखांच्या बाबतीत कॅमेऱ्याच्या निवडीपेक्षा प्रकाशाचा कोन निर्णायक असतो. चित्रात मापपट्टी ठेवणे, स्थळ व दिनांक नोंदविणे आणि मूळ नोंदींच्या किमान तीन प्रती, त्यांतील एक वेगळ्या जागी, ठेवणे हे कॅमेऱ्याइतकेच आवश्यक आहे.

झिजणारा दगड आणि कुजणारा कागद विभागाच्या पुढील अनुदानाची वाट पाहत नाहीत. म्हणून सर्वोत्तम कॅमेऱ्याच्या प्रतीक्षेत काम थांबविण्यापेक्षा, हाती असलेल्या साधनाच्या मर्यादा जाणून आजच नोंद करणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय. कोणता कॅमेरा घ्यावा याचे उत्तर शेवटी विभागाच्या कामात आहे. ते काम आधी कागदावर मांडावे आणि मगच दरपत्रके मागवावीत.